गोडीची हमी

पहिली बाटली फुटली तेव्हा मी अवंती दाबकेंना सांगत होते की आमच्या मळ्यात फार शांतता असते.

"ऐका ना," मी म्हणत होते, "पान पडलं तरी कळतं इथं."

तेवढ्यात घरामागून धाडकन आवाज आला. कडुनिंबावरचे कावळे एकदम उडाले आणि आमचं कुत्रं शेपूट घालून ट्रॅक्टरखाली गेलं.

"हे काय?" दाबकेबाईंनी विचारलं.

"शेजारी लग्न आहे," मी म्हटलं.

"दुपारी अडीच वाजता फटाके?"

"बारा पस्तीसचा मुहूर्त होता. नवरदेवाला उशीर झाला."

या गोष्टीला बारा वर्षं झाली, पण अजूनही कुणी माझ्यामागं सोड्याची बाटली उघडली तर मी आधी खाली बसते आणि मग वळून बघते. खोटं मात्र मला त्या दिवशी किती सहज सुचत होतं, याचं आजही नवल वाटतं. शेजारी लग्न नव्हतं. शेजारी घरच नव्हतं. दिंडोरीच्या पुढं आमचा मळा, त्याच्या चारी बाजूंना द्राक्षबागा. आवाज आला होता आमच्या चेंबरमधून.

चेंबर म्हणजे निर्यातीची द्राक्षं गार करायची खोली. जाड पॅनेलच्या भिंती, सरकतं दार, आत मोठा कूलर. निर्यात बंद केल्यावर ती खोली मी मागून घेतली होती. लग्नाआधी चार वर्षं मी एका मोठ्या वाइन कंपनीच्या लॅबमध्ये होते. तिथं शंभर शेतकऱ्यांची द्राक्षं एका टाकीत पडायची आणि बाहेर एकच चव यायची, यंदाही तीच आणि पुढच्या वर्षीही तीच. तेव्हापासून डोक्यात होतं, की एका बागेची, एका घरची फसफसती वाइन करायची. तर ती मी केली. आठशे चाळीस बाटल्या. टाकीतल्या वाइनमध्ये मोजून साखर आणि यीस्ट घालायचं, बाटलीत भरायचं, सोड्याच्या बाटलीला असतो तसा बिल्ला ठोकायचा आणि गारव्यात आडवी निजवायची. यीस्ट साखर खातं, वायू सोडतं, वायू बाटलीत कोंडतो आणि त्याचे बुडबुडे होतात. चांगल्या बाटलीत ट्रकच्या टायरएवढा दाब असतो. हे मी सगळ्यांना फार कौतुकानं सांगायचे.

दाबकेबाई पुण्याहून आल्या होत्या. तीन हॉटेलांना वाइन कुठली घ्यायची हे त्या ठरवायच्या. पन्नाशीच्या, पांढरी कॉटनची साडी, पायात बूट.

"तुमच्याकडं यायचं कारण सांगू?" अंगणात खुर्चीवर बसताना त्या म्हणाल्या होत्या. "कंपनीची वाइन बरोबर असते हो. दरवर्षी बरोबर. मला त्या बरोबरचाच वीट आलाय. ज्या माणसानं छाटणी केली त्याच्याच घरी भरलेली बाटली पाहिजे मला. एखादी बिघडलेली निघाली तरी चालेल, पण कुणाची आहे ते कळलं पाहिजे."

दुसरा धमाका झाला. या वेळी त्याच्या पाठोपाठ काचा सांडल्याचा खळखळाटही आला.

दाबकेबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "वृषाली, लग्न तुमच्या घरात आहे का?"

घरातून माझा नवरा हेमराज बाहेर आला. त्याच्या हातात मोबाइल होता आणि तोंडावरचा रंग उडालेला होता.

"अगं, थ्री-फेज कधी गेली?"

"मला काय माहीत?"

"सबस्टेशनवाला म्हणतो, अकरालाच गेली."

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. बाहेर बेचाळीस डिग्री. अकरापासून कूलर बंद. गरम झालं की बाटलीतला दाब वाढतो, हे मला माहीत होतं. पण तेवढ्यानं बाटल्या फुटू नयेत. माझा हिशेब चुकला असेल तरच फुटतील. म्हणजे हिशेब चुकला. मी उभ्या उभ्या मनात आकडे करायला लागले: सहाशे तीस लिटर, लिटरला चोवीस ग्रॅम, पंधरा किलो... की दशांश कुठं सरकला? बाटल्याही जुन्या, हॉटेलांतून आणि भंगारवाल्याकडून जमवलेल्या.

"आठशे चाळीस," मी म्हणाले.

"आठशे अडतीस," हेमराज म्हणाला. तो नको तिथं अचूक असतो.

"काही नाही. दार उघडायचं नाही. होईल ते होईल. आत कुणी आहे का? नाही ना?"

हेमराज माझ्याकडं बघत राहिला.

"अहो, बोला ना!"

"नाना जेवून कुठं गेले?"

माझे सासरे रंगनाथ नाना कडलग. वय त्र्याहत्तर. उन्हाळाभर, जेवण झालं की ते आपली अरुंद खाट टाकून चेंबरमध्ये झोपायचे. अख्ख्या तालुक्यात तेवढा गारवा कुठं नाही म्हणायचे. दोन्ही बाजूंना छातीएवढ्या उंच रचलेल्या बाटल्या, मधी दोन फुटांची बोळ, आणि बोळीच्या शेवटी, कूलरखाली, नाना.

मी धावले. चेंबरचं दार वीतभर सरकवलं तर आतून ओली गरम वाफ आणि कणकेसारखा, हिरव्या सफरचंदासारखा वास आला. आत मिट्ट काळोख. उन्हातून आल्यामुळं मला काहीच दिसेना.

"नाना!" मी किंचाळले.

"वरडू नको!" आतून खालच्या आवाजात उत्तर आलं. "वरडली की फुटते."

"लागलं का तुम्हाला?" मी कुजबुजले.

"खाटंखाली हाये मी. एक पाय बाहेर राह्यला."

"पाय आत घ्या!"

"खाट आखूड हाये."

"रक्त येतंय का?"

"ओलं लागू राह्यलं. काय हाये ते कळंना. वास घ्यायला हात हालवावा लागतो, अन्..."

धाड! बोळीच्या डाव्या अंगाला काहीतरी उडालं, दाराच्या आतल्या बाजूला खटखट काचा बसल्या, आणि मी मागं बसले ती सरळ दाबकेबाईंच्या पायावर. पाठीमागं दाबकेबाई आणि हेमराज कधी येऊन उभे राहिले ते मला कळलंच नव्हतं.

"किती साखर घातली होती?" दाबकेबाईंनी शांतपणे विचारलं.

"लिटरला चोवीस ग्रॅम."

"मग हे चोवीसवर होत नाही."

मला रडू आलं. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "एक फुटली की तिच्या शेजारच्या दोन फुटतात. थांबून उपयोग नाही. पूर्वी फ्रान्समध्ये अशा तळघरांत लोक तोंडाला लोखंडी मुखवटे घालून जायचे. तुमच्याकडं काय आहे?"

आमच्याकडं हेमराजचं मोटरसायकलचं हेल्मेट होतं.

"मीच जातो," हेमराज म्हणाला आणि त्यानं हेल्मेट डोक्यात घातलं. त्याचा चष्मा आत जाईना. चष्मा काढून त्यानं हेल्मेट घातलं, दोन पावलं टाकली आणि चेंबरच्या दाराऐवजी शेजारच्या गुरांच्या पाण्याच्या नांदीच्या कठड्याला गुडघा आपटला.

"द्या इकडं," मी म्हटलं.

"अगं पण तू..."

"बोळ दोन फुटांची आहे. तुम्ही आडवे गेलात तर दोन्ही बाजू पाडाल."

हे खरं होतं. सासूबाई चार दिवस लेकीकडं गेल्या होत्या, म्हणून पुढची तयारी तरी होऊ शकली. नाहीतर सोफ्याच्या गाद्या हलवल्याबद्दल आधी आमचा निकाल लागला असता. दोन गाद्या पुढं, दोन मागं, आणि त्यांना बांधायला ठिबकची नळी. हेमराज गाठी मारत होता आणि त्याचे हात असे थरथरत होते की गाठ बसायच्या आधीच सुटत होती. दाबकेबाईंनी त्याला बाजूला केलं आणि स्वतः बांधलं. कमरेला ट्रॅक्टरची दोरी मात्र हेमराजनंच बांधली.

"एकदा ओढली तर ठीक आहे असं समजायचं," हेमराज म्हणाला. "दोनदा ओढली की मी तुला बाहेर खेचतो. लक्षात ठेव, दोनदा."

"आणि ढाल?" दाबकेबाई इकडंतिकडं बघत म्हणाल्या.

फाटकावर नानांची पत्र्याची पाटी होती. तीन बाय दोनची, निळ्या रंगावर पिवळी अक्षरं: 'रंगनाथ कडलग, द्राक्ष बागायतदार. गोडीची हमी.' हेमराजनं ती तारेसकट उपटून आणली. चाळीस वर्षं ती पाटी उन्हापावसात उभी होती. तिला कुणी असं धरून रांगत नेईल असं कधी तिच्याही मनात आलं नसेल.

मी आत शिरले.

हेल्मेटमध्ये माझाच श्वास मला ऐकू येत होता. जमिनीवर वाइन वाहत होती, तळव्याखाली कोमट लागत होती, तिच्यात काचा. पाटी पुढं सरकवायची, मग गुडघा टेकायचा. डोळ्यांना हळूहळू दिसायला लागलं आणि दिसलं नसतं तर बरं झालं असतं. दोन्ही बाजूंना बाटल्यांची बुडं. शेकडो हिरवे गोल डोळे माझ्याकडं बघत होते. त्यातली कुठली पुढची, ते तिचं तिलाच माहीत.

अर्ध्या बोळीत पोचले आणि उजवीकडची एक गेली. पाटीवर टण्णकन आवाज झाला, मी दचकून आक्रसले, लगेच तिच्या शेजारची गेली आणि मी पुन्हा आक्रसले.

म्हणजे दोरीला दोन हिसके.

हेमराजनं शब्द पाळला. मी पोटावर, पाटी वर, अशी एका दमात बाहेर आले. अंगणातल्या उन्हात डोळे मिचकावत पडले.

"नाना कुठायत?" हेमराज ओरडला.

"आत! मी दचकले हो फक्त!"

"मग दोनदा कशाला दचकलीस?"

मी त्याच्याशी लग्नानंतर पहिल्यांदाच त्या शब्दांत बोलले. ते इथं लिहीत नाही. दाबकेबाईंनी दोरी आपल्या हातात घेतली. हेमराजनं तिचं शेवटचं टोक मात्र सोडलं नाही. पुढं त्यावरून रामायण झालं, ते सांगतेच.

दुसऱ्यांदा आत जाणं पहिल्यापेक्षा वाईट होतं. पहिल्यांदा आत काय आहे ते मला माहीत नव्हतं. मी मनातल्या मनात सप्तशृंगीला नवस बोलत होते आणि प्रत्येक धमाक्याला नवस वाढवत होते. साडीचोळीपासून सुरुवात केली होती. खाटेपर्यंत पोचेस्तोवर मी गडाच्या पायऱ्या रांगत चढायचं कबूल केलं होतं.

खाटेबाहेर एक पाय दिसला. धोतराचा काठ ओळखू आला.

"नाना."

"कोण गं?" हेल्मेट आणि गाद्या बघून नाना आणखी मागं सरकले. "कोण हाये?"

"मी वृषाली."

"वळखूच नाय आली. तू कशाला आली? जा माघारी."

त्यांच्या पोटरीला काच लागली होती, रक्त होतं, पण फार नव्हतं. बाकी ते नखशिखांत भिजलेले होते. मी ओढणी काढून पोटरीला बांधली.

"चला. माझ्यामागं रांगायचं. पाटी धरते मी."

"मी नाय येत."

"काय?"

"तू जा. ज्यानं केलं त्यानं भोगावं."

मला वाटलं म्हाताऱ्याला भ्रम झाला. "नाना, तुम्ही काय केलं? चूक माझी आहे. माझा साखरेचा हिशेब चुकला."

"तुझा नाय चुकला."

"चुकला हो. कुठंतरी दशांश..."

"पोरी, साखर मी टाकली."

धाड. दोघंही खाटेखाली दबलो. काचेचा चुरा वरच्या गोधडीवर पडल्याचा आवाज आला.

"साखर मी टाकली होती, नाना," मी दम घेऊन म्हणाले. "पंधरा किलो. तुमच्यासमोर. पातेल्यात विरघळवून."

"तू टाकली ती टाकली. मंग तू बिल्ले आणाया दिंडोरीला गेली. तवा मी वीस टाकली."

"वीस काय?"

"किलो."

मी हेल्मेटची काच वर केली. तेवढ्या अंधारातही मला त्यांचं तोंड बघायचं होतं. भिजलेली पांढरी मिशी, मिचकणारे डोळे. चूक पकडल्यावर बघतात तसे ते माझ्याकडं बघत होते.

"का?"

"आंबट व्हती ना."

"तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर थेंब तोंडात घेत नाही!" नाना दारूला शिवत नसत. बाग त्यांनी वाढवली, घड त्यांनी तोडले, टाकी त्यांनी धुतली. पण त्यातलं काही ओठाला लावलं नव्हतं.

"मणी खाल्ले ना मी तोडायच्या दिवशी. थुंकून टाकले. मंग त्यो सोसायटीचा चेअरमन आला, तू त्याला टाकीतली चाखाया दिली. भायेर आला अन् मला म्हणला, नाना, द्राक्ष कवाची तोडली वो? लई आंबट हाये." नानांचा आवाज चिरकला. "चाळीस वर्षांत मला असं कुणी नाय म्हणलं. व्यापारी भावात मारायचे, पण गोडीला नाव नाय ठेवलं कुणी. अन् तू तर बाटलीवर माझं नाव छापू राह्यली. पुण्यामुंबईचे लोक माझं नाव वाचून पिणार अन् तोंड वाकडं करणार."

"असल्या वाइनला आंबटच पाहिजे असतात ती!" मी ओरडले. आता ओरडल्यानं काय फुटायचं ते फुटो. "म्हणून तर जानेवारीत तोडली! म्हणून तर सगळ्यांच्या आधी!"

"मला वाटलं तू चुकली."

"मग मला सांगायचं ना!"

"कसं सांगू? शिकलेली पोर. येवढं रातंदिस करू राह्यली. तुला वाईट वाटलं आसतं." ते थांबले. "म्हणलं, गपचूप गोड करून टाकू. तुला वाटंल, तुझंच जमलं."

उजवीकडं एकापाठोपाठ एक तीन बाटल्या गेल्या आणि आमच्या डोक्यावरची खाट वीतभर उडून परत बसली. नानांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार पडला होता. तोपर्यंत मला वाटत होतं की भीती फक्त मलाच वाटते आहे.

"नाना," मी म्हटलं, "तुम्ही इथं राहिलात तर मी पण राहते."

"आसं नको करू."

"मग चला."

"चल. पण खाट घेऊन."

कल्पना त्यांची होती आणि ती वाईट नव्हती. गोधडी वर, तिच्याखाली खाट, खाटेखाली आम्ही दोघं. कासवासारखं चाललो तर डोक्यावर छत राहील. आम्ही खाट पाठीवर घेतली आणि सरकायला लागलो. वीतभर, मग वीतभर. नाना पुढं, मी मागं, पाटी माझ्या पोटाखाली. खाटेचे पाय बाटल्यांना लागू नयेत म्हणून मी दोन्ही हात बाहेर काढून पाय आवळत होते. तेवढ्यात माझ्या कमरेची दोरी खाटेच्या पुढच्या पायाला अडकली. मी ती सोडवायला एकदा ओढली. सुटली नाही. म्हणून पुन्हा ओढली.

बाहेर हेमराजनं दोरीचं टोक सोडलेलं नव्हतं, हे मी सांगितलंच.

दोरी माझ्या कमरेतून निसटली, कारण ती त्यानंच बांधली होती. खाटेच्या पायातून मात्र निसटली नाही. खाट, गोधडीसकट, आमच्या पाठीवरून उठली आणि बोळीतून फरफटत दाराकडं निघून गेली. आम्ही दोघं उघड्यावर, चार पायांवर, एकमेकांकडं बघत राहिलो.

बाहेरून हेमराजचा हंबरडा आला. त्याच्या हाती रिकामी खाट आली होती आणि गोधडी लाल झाली होती. ती पहिल्यापासून लालच होती.

"नाना गेले!" तो रडत होता. "वृषाली पण गेली!"

"आरं, हाये!" नाना आतून खेकसले. "मुडद्या, खाट कशाला नेली?"

त्याच वेळी खाटेच्या धक्क्यानं डावी रांग हलली. मला ती हलताना दिसली. वरची एक बाटली गडगडत पुढं आली, काठावर थांबली आणि खाली पडू की नको असा विचार करत राहिली. नाना तिच्या बरोबर खाली होते.

मी पाटी दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या डोक्यावर धरली. बाटली पाटीवर पडली, फुटली, पाटी मधोमध वाकली, आणि मनगटापासून खांद्यापर्यंत माझे हात बधिर झाले. पुढं मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. नानांच्या धोतराला मागून धरून मी त्यांना ढकलत होते आणि ते "ढकलू नको, ढकलू नको" म्हणत धावत होते. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस चार पायांवर किती जोरात धावू शकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या मागं सबंध डावी बाजू कोसळली. तो आवाज मी कानांनी ऐकला नाही, छातीत ऐकला.

बाहेर आलो तसं दाबकेबाईंनी दार लोटलं आणि त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. आतून दारावर थाप पडावी तसे धक्के बसत होते.

हेमराज नानांच्या गळ्यात पडला. नानांनी त्याला दूर लोटलं आणि कडुनिंबाच्या सावलीत पाय पसरून बसले. डोक्यापासून धोतरापर्यंत वाइन ठिबकत होती. मी हेल्मेट काढलं आणि त्यांच्या शेजारी बसले. आत आणखी एक फुटली. आम्ही चौघंही एकदम दचकलो.

आणि मग ते झालं. मिशीतून एक ओघळ नानांच्या ओठावर आला. दमलेल्या माणसाला कुठलं भान असतं? त्यांनी जीभ फिरवली. मग त्यांचं त्यांनाच लक्षात आलं आणि ते तसेच थांबले.

मला वाटलं, आता चूळ भरायला पाणी मागतील.

नानांनी डोळे बारीक केले. "आंबट हाये," ते म्हणाले.

हेमराजनं दोरी गुंडाळायला घेतली.

"आंबटच हाये की अजून!" ते माझ्यावर डाफरले. "माझी वीस किलो साखर गेली कुठं?"

"यीस्टनं खाल्ली, नाना. वायू झाला तिचा. तोच आत फुटतोय."

नानांनी चेंबरकडं पाहिलं. वीस किलो गोडी तिथं धडाधड हवेत जात होती. मग पुन्हा मिशी चाटली. या वेळी मुद्दाम. तोंड वाकडं झालं, मग सरळ झालं, मग काहीतरी आठवत असल्यासारखं थांबलं.

"हे कसं हाये..." ते हळू म्हणाले. "पानावर दव असतं ना सकाळी. अन् खाली मातीचा वास. विहिरीकडच्या तुकड्याचा."

"तिथलीच आहेत ती," मी म्हटलं.

"कळतंय की ते."

दाबकेबाई दार न सोडता म्हणाल्या, "नाना, गोड केली असती तर मी घेतली नसती."

नानांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू बाईंना ऊन लागलंय. मिशीच्या दुसऱ्या टोकाकडं जीभ नेली. तिथली संपलेली होती. मग मनगट चाटून पाहिलं. मग माझ्याकडं वळून, अगदी रोज मागत असल्यासारखं म्हणाले:

"वाटीत दे थोडी. मिशीवरची किती चाटायची माणसानं?"

"वाटीत कुठून देऊ? सगळी आत आहे."

"मंग आण ना."

"नाना, आत..."

"दे ते टोपडं इकडं. माझी मी आणतो."

आणि ते उठले. रक्ताळलेल्या पोटरीनं, ओल्या धोतरानं, माझ्या मांडीवरचं हेल्मेट उचलून, उलटं डोक्यात घालून चेंबरकडं निघाले. मी त्यांना कमरेला मिठी मारली. हेमराजनं पुढून दोरी टाकली आणि तिच्यात स्वतःच अडकला. दाबकेबाईंनी दाराला पाठ आणखी घट्ट लावली, साडी वाइननं पार भिजलेली, आणि आतून धाडधाड चालूच. आमच्या तिघांच्या मधून, उलट्या हेल्मेटच्या आतून, नाना बोंबलत होते:

"आरं, एक वाटी! एकच वाटी!"